घरचं शेवटी

मी लिहावं असं काही माझ्यापाशी आहे का, याची मला खात्री नाही. आमच्या घरात माझ्याआधी कॉलेजात कोणी गेलं नाही. लिहिणं म्हणजे परीक्षेतलं उत्तर, नाहीतर तलाठ्याकडे द्यायचा अर्ज, एवढंच आम्हाला माहीत. तेव्हा माझी वाक्यं कुठे वाकडी गेली, किंवा साधी गोष्ट सांगायला मी फार वेळ लावला, तर वाचणाऱ्यांनी सांभाळून घ्यावं. आणखीही एक माफी मागायची आहे, पण ती वाचणाऱ्यांकडे नाही. जिच्याकडे मागायची तिला वाचता येत नाही. कदाचित म्हणूनच हे लिहायचं धाडस मला होतंय. हे मला कळतं, आणि त्यात अभिमान वाटावा असं काही नाही.

आमच्या भागात जमीन हलते. डहाणू आणि तलासरीच्या डोंगरपट्टीत गेली काही वर्षं हे चाललंय. आधी आवाज येतो, लांब कुठे खाणीत सुरुंग उडवल्यासारखा. मग पत्रे थरथरतात, मांडणीवरची भांडी वाजतात आणि संपतं. बहुतेक वेळा एवढंच. कॉलेजातली बाहेरगावची मुलं विचारायची, "भीती नाही वाटत रे?" वाटते. पण रोजची झाली की माणसं भीतीबद्दल बोलत नाहीत, तिच्यासकट भात कापतात.

पूर्वी आमच्याकडे सगळ्यांची घरं कुडाची होती. कारवीच्या काठ्या, वरून शेणामातीचा लेप. ती हलतात, पडत नाहीत. नंतर घरकुलं आली. विटांची भिंत, वर पत्रा. घरकुल मिळालं की पाड्यात मान वाढतो. माझ्या मामीचं घरकुल झालं तेव्हा पहिल्या दिवशी मीच तिला म्हणालो होतो, "मामी, आता तू पक्क्या घरातली झालीस." ती भिंतीवर तळहात फिरवत राहिली होती. हादऱ्यांत पहिल्यांदा तडकतात त्या ह्याच भिंती.

इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला प्रोजेक्ट निवडायची वेळ आली तेव्हा आमच्या सरांनी हाच विषय सुचवला. हादरा बसला की तालुक्याला कळायला हवं: कुठे किती नुकसान, आधी कुठे जायचं. कंपन मोजणाऱ्या थोड्या पेट्या शाळांमधून बसवलेल्या होत्या. लोक फोन करत होते, फोटो पाठवत होते. सगळं वेगवेगळ्या ठिकाणी पडून राहायचं. ते एकत्र आणून एकच नकाशा तयार करायचा, आणि तो पाहिला की खुर्चीत बसलेल्या माणसाला बाहेर काय चाललंय ते समजावं, असं आमचं काम. पुस्तकात याला डेटा फ्यूजन म्हणतात.

मला ते समजलं ते असं. एखादा आजारी असला की चार जण त्याला बघून येतात आणि चार तऱ्हेचं सांगतात. एक म्हणतो, बोलतोय चांगला. दुसरा म्हणतो, काही खात नाही. तिसरा दारातूनच परत आलेला असतो, पण सांगतो सगळ्यांत जास्त. माझी आई हे सगळं ऐकते, कोण किती फुगवतो ते मनातल्या मनात वजा करते आणि म्हणते, "उद्या जाऊन यायला हवं." आम्ही कॉम्प्युटरला आईचं हे काम शिकवत होतो. कुणावर किती भरवसा ठेवायचा, त्याचा आकडा आम्हाला ठरवायचा होता.

आम्ही दोघं होतो. प्रोजेक्टमधली माझी जोडीदारीण डहाणूच्या किनाऱ्यावरची. तिच्या घरी बोट आहे, आई बाजारात बोंबील विकते. तिची जीभ आईसारखीच धारदार, आणि प्रोग्रॅमिंग माझ्याहून पुष्कळ चांगलं. मी पाड्यापाड्यांतून फिरून लोकांना फोन कसा करायचा ते शिकवायचो, ती कोड लिहायची. एक नंबर ठेवला होता. फोन लागला की यंत्र बोलायचं: नुसता हादरा असेल तर एक दाबा, भेग असेल तर दोन, पडलं असेल तर तीन. मग काय झालं ते बोला.

पहिल्याच चाचणीत घोटाळा झाला. छोटासा हादरा बसला आणि डहाणू शहराचा बाजारभाग नकाशावर लाल झाला. बघितलं तर एका इमारतीतले एक काका. त्यांनी एकाच भेगेसाठी पुन्हा पुन्हा फोन केले होते. शेवटच्या फोनमध्ये ते "कोणी ऐकतंय की नाही?" म्हणून ओरडत होते.

सर हसले नाहीत. त्यांनी फळ्यावर एक वाक्य लिहिलं आणि आम्हाला वहीत उतरवायला लावलं: एकच गोष्ट दहा वेळा ऐकली म्हणून ती दहा गोष्टी होत नाही. ते बरोबरच होतं. अशा प्रणालीतली ही मोठी चूक समजली जाते, एकाच बातमीला अनेक बातम्या समजणं. म्हणून आम्ही नियम घातला. एकाच नंबरवरून, एकाच जागेवरून, थोड्या वेळात कितीही फोन आले तरी तो एक धरायचा. बाजारभाग पुन्हा हिरवा झाला. आम्ही कँटीनमध्ये जाऊन चहा घेतला.

आता मामीचं सांगतो.

मामीचा पाडा तलासरीच्या बाजूला, डोंगराच्या पोटाशी. दहा-बारा घरं, तीही जवळजवळ नाहीत. ज्याचं शेत तिथे त्याचं घर. मामा बोटीवर खलाशी आहे आणि वर्षाचे बरेच महिने गुजरातच्या बंदरात असतो. मुलगी लग्न होऊन गेली. मामी एकटी. पाड्यात रेंज येत नाही. वर टेकडीवर मोहाचं झाड आहे, तिथे येते, आणि तीही कधी गुजरातच्या टॉवरची. सगळ्यांकडे फोन नाहीत, ज्यांच्याकडे आहेत त्यांना टेकडी चढायला वेळ नाही. म्हणून पाड्याचं काहीही बाहेर सांगायचं झालं, कुणाचं लग्न, कुणाचा दवाखाना, की ते काम मामीकडे. तिने ते मागितलं नव्हतं. तिचे पाय चांगले होते म्हणून ते तिच्याकडे आलं.

हादरा बसला की ती घरोघर फिरायची, बघायची, मग टेकडीवर जाऊन आमच्या नंबरला फोन करायची. एका घराचा एक फोन. पाड्यात तीन घरांना भेगा असतील तर तीन फोन. आणि आमचा नियम ते तीन एकात ढकलून टाकायचा.

तिचे निरोप आमच्या लॅबमध्ये प्रसिद्ध झाले होते. यंत्र बोलतं आहे हे तिला पटलंच नव्हतं. भाच्याने केलंय म्हणजे भाचाच ऐकत असणार. "हॅलो, मी बोलते. आयकतंस ना? वरच्या घराला भेग पडली, चुलीकडं. त्यांची म्हातारी घाबरली. तू जेवलास का?" आणि मग ती गप्प. मी जेवलो की नाही ते सांगेपर्यंत ती थांबायची. निरोप संपेपर्यंत नुसता वाऱ्याचा आवाज.

मुलं हसायची. माझी जोडीदारीण म्हणायची, "अरे, जेवलास का सांग ना तिला! बिचारी उभी आहे तिकडे." मीही हसायचो. हसताना कान गरम व्हायचे. तिच्या बोलण्याची लाज वाटायची की तिच्यावर हसल्याची, तेव्हा मला ठरवता आलं नाही. आता वाटतं, पहिलीच असावी.

एका दुपारी जोडीदारीण गंभीर होऊन बसलेली. "तुझ्या मामीचं काहीतरी करायला पाहिजे. तिचे फोन आपण एकात घालतो, पण ते एक नाहीत. घरं वेगळी आहेत."

"मग?"

"घराला नंबर द्यायचा. फोन करणारा आधी घराचा नंबर दाबेल. मग मोबाइल तोच, पण घर वेगळं, म्हणजे फोन वेगळा. पण सगळं परत उघडावं लागेल. प्रेझेंटेशनच्या आधी होईल असं नाही वाटत."

प्रेझेंटेशनला बाहेरचे लोक येणार होते. तालुक्याचे अधिकारीही. चालू असलेलं उघडलं आणि त्या दिवशी बंद पडलं तर? मी म्हणालो, "नंतर करू. तोपर्यंत मी मामीशी बोलतो."

"काय बोलणार?"

"सांगतो काहीतरी."

वही मिटत ती म्हणाली, "बघ बाबा. मामी तुझी."

प्रोग्रॅम बदलण्यापेक्षा मामीला बदलणं सोपं होतं. हे वाक्य त्या वेळी माझ्या मनात आलं नव्हतं. आलं असतं तर मी गेलो नसतो असंही म्हणवत नाही.

सुट्टीच्या दिवशी मी पाड्यावर गेलो. जोडीदारणीच्या आईने मामीसाठी सुके बोंबील दिले होते. मामीने ते नाकाशी धरले आणि म्हणाली, "आथा कसं घर भरल्यासारखं वाटतं." तिने भाकरी केली. खळ्यावर शेजारीण भात झोडत होती, तिचं तान्हं मूल झोळीत. शेजारणीचं घरही विटांचंच, मामीच्याच वेळी मिळालेलं. ती मला हाक मारून म्हणाली, "काय रं इंजिनेर, जमीन थांबवायचं यंतर नाय का काढत?"

"ते नाही येत काकी."

"मंग काय शिकतंस एवढं?"

जेवून मामी मला टेकडीवर घेऊन गेली. रेंज कुठे येते ते दाखवायचं होतं तिला. मोहाच्या झाडाखाली एक दगड होता, बसून बसून गुळगुळीत झालेला. तिथून सगळी घरं दिसत होती. ती बोटाने दाखवत सांगू लागली, फोन कसा करते ते. आधी ते वरचं घर, मग ओढ्याकडचं, मग म्हातारीचं, मग शेजारणीचं.

"आणि तुझं?"

"माझं शेवटी. आपलं आधी सांगावं का कुनी?"

मला हे नवीन नव्हतं. आमच्याकडे निरोप घेऊन जाणाऱ्याची रीतच ती. चार घरांचा निरोप घेऊन निघालेला माणूस आधी चौघांचं सांगतो, पाणी पितो, आणि मग उठता उठता स्वतःचं. जो आधी आपलं सांगतो त्याच्याकडे पुन्हा कोणी निरोप देत नाही. आजोबांपासून मी हे बघत आलोय. जोडीदारणीला, सरांना ठाऊक नव्हतं. मला होतं. त्या दगडावर बसून मी ते ऐकलं आणि माझ्या डोक्यात काहीही जुळलं नाही. माहिती जुळवण्याचंच मी शिकत होतो.

मी म्हणालो, "मामी, तू इतके फोन नको करत जाऊ. हादरा झाला की एकदाच करायचा."

"एकदाच?"

"हो. पुन्हा पुन्हा केला की मशीन गोंधळतं."

"मंग बाकीच्यांचं?"

"एक फोन गेला की पाड्याचं कळतं त्याला."

तिने खाली घरांकडे बघितलं. मला वाटलं आता विचारेल, कसं कळतं. तिने विचारलं नाही. हसली आणि म्हणाली, "शानं हाय तुझं मशीन. बरं झालं, माझे पाय वाचले."

पाय वाचले, असं म्हणाली. हे मी मुद्दाम जुळवून लिहीत नाही. ती खरंच असं म्हणाली.

प्रेझेंटेशन चांगलं झालं. अधिकाऱ्यांनी विचारलं, हे आजपासून वापरता येईल का. सरांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. आमच्या घरात कोणाच्या खांद्यावर साहेबाने हात ठेवल्याचं मला आठवत नाही. त्यांनी आमचा नकाशा तालुक्याच्या खोलीत एका पडद्यावर लावला. हिरवं म्हणजे ठीक, पिवळं म्हणजे जाऊन बघा, लाल म्हणजे ताबडतोब.

मग दिवाळीनंतर मोठा हादरा बसला. सकाळची वेळ होती, मी लॅबमध्ये होतो, आमच्याकडेही बाकं हलली. आम्ही धावत लॅबमधल्या आमच्या पडद्याकडे गेलो. फोन येऊ लागले, ठिपके उमटू लागले. थोड्या वेळाने मामीच्या पाड्यावर ठिपका आला. पिवळा. एक फोन, दोन नंबरचं बटण, भेग. मला हायसं वाटलं. जोडीदारीण म्हणाली, "शिकली रे तुझी मामी!" तिचा आवाजातला निरोप आम्ही ऐकला नाही. बटण दाबलेलं असलं की निरोप ऐकायची गरज नव्हती, तशीच रचना होती.

त्याच संध्याकाळी तालुक्याची माणसं पाड्यावर जाऊन आली. त्यांच्याकडे एका घराची खबर होती. पाड्यात शिरताच त्यांना दाखवलं गेलं ते घर शेजारणीचं. त्यांनी भिंत बघितली, राहण्यालायक नाही म्हणून सांगितलं, ताडपत्री दिली. शेजारीण मुलाला घेऊन शेतातल्या कुडाच्या खोपीत राहायला गेली. त्यांना अजून दोन गावं करायची होती, ते निघाले. मामी तेव्हा लाकडाला गेली होती. नकाशावर पाडा हिरवा झाला. मी तो हिरवा ठिपका बघितला आणि मला काय वाटलं ते लिहितो, कारण लिहायचं ठरवलंय: मला वाटलं, मी माझ्या माणसांसाठी काहीतरी केलं.

दोन-तीन दिवसांनी दुपारी पुन्हा एक हादरा आला, हलका. कुठून कुठून फोन आले. मामीच्या पाड्यावरून एकही नाही. मी मुद्दाम तिथे नकाशा मोठा करून बघितला. हिरवा. फोन नाही म्हणजे काही झालं नाही. मी आणि जोडीदारीण डहाणूच्या किनाऱ्यावर फिरायला गेलो, भेळ खाल्ली. दुसऱ्या दिवशीही हिरवा. तिसऱ्या दिवशीही.

मग बाबा आले. बाबा घोलवडला चिकूच्या वाडीत कामाला आहेत. तोडणीच्या दिवसांत ते वाडी सोडत नाहीत, म्हणून त्यांना होस्टेलच्या गेटवर उभं बघून मला आधी आनंदच झाला. हाताला चिकूचा चीक तसाच होता.

"चल," ते म्हणाले. "सिल्वासाला जायचंय. मामीला ठेवलंय."

"काय झालं?"

त्यांनी माझ्याकडे जरा आश्चर्याने बघितलं. "भिंत पडली ना तिच्यावर. तुला ठाऊक नाय? तुझ्या मशीनला नाय कळलं?"

ते टोमणा मारत नव्हते. त्यांना खरंच वाटत होतं की मला सगळ्यांच्या आधी कळलं असेल, आणि मी आलो नाही म्हणजे परीक्षा असेल. एवढं समजून ते मला न्यायला आले होते.

बसमध्ये त्यांनी सांगितलं ते असं. मोठ्या हादऱ्यात मामीच्या भिंतीलाही भेग पडली होती, कोपऱ्यापासून खिडकीपर्यंत. ती बाहेर झोपत होती, पण भाताची कणगी आत होती. दुपारी कोंबड्या आत शिरल्या म्हणून कणगी झाकायला गेली, आणि तो हलका हादरा आला. भिंत आत पडली. कणगीने अर्धा भार घेतला, नाहीतर संपलंच होतं. उजव्या पायावर विटा. खळ्यावरच्या बायकांनी काढलं, झोळी करून रस्त्यापर्यंत आणलं, कोणाच्या तरी टेम्पोतून आधी तलासरी, मग सिल्वासा. टेकडीवर जाऊन फोन कोणी केला नाही. सांगायचं काम जिचं, तीच झोळीत होती.

वॉर्डात ती खिडकीजवळ होती. पाय बांधलेला, वजन लटकवलेलं. मला बघून म्हणाली, "आलास? जेवलास का?"

या वेळी मी उत्तर दिलं. "जेवलो." जेवलो नव्हतो.

बाबा औषधं आणायला गेले. मी स्टूल खाटेजवळ ओढलं. शेवटी विचारलं, "मामी, तुझ्या भिंतीला भेग होती तर फोनवर सांगितलं का नाहीस?"

"सांगनार होते ना. शेजारनीकडं तान्हं पोर हाय. तिचं पैलं सांगितलं. मंग तू बोललेलास एकदाच." तिने चादर सारखी केली. "आनि त्याला कळतं बोललास पाड्याचं. म्हटलं येतील माझ्याकडं पन."

तिच्या बोलण्यात राग नव्हता. असता तर मला काहीतरी धरायला मिळालं असतं. मी म्हणायला हवं होतं, की मामी, मी तुला खोटं सांगितलं, त्याला कळत नव्हतं, कळावं म्हणून जे करायचं ते मी पुढे ढकललं आणि तुला गप्प केलं. माझ्या तोंडातून निघालं ते एवढंच: "दुखतंय का फार?"

"पायाचं नाय रं. भाताचं वाईट वाटतं. सगळ्या भातात माती."

डॉक्टर म्हणाले, हाड दोन ठिकाणी मोडलंय, जखमेत घाण गेली आहे, मोठ्या दवाखान्यात हलवावं लागेल, पाय वाचेल की नाही आता सांगता येत नाही. तिला वलसाडला नेलं. मामा बोटीवरच होता, तिची मुलगी आणि बाबा बरोबर गेले. मला त्यांनी परत पाठवलं. "तू थांबून काय करनार? तुझं शिकनं बघ," बाबा म्हणाले.

परत येऊन मी तो निरोप शोधून काढला, मोठ्या हादऱ्याच्या सकाळचा. हेडफोन लावून ऐकला. शेजारणीचं घर, भिंत, तान्हं मूल, सगळं नीट सांगितलं होतं. मग वारा. मग तिचा आवाज, जरा हळू: "आजून हाय सांगायचं. पन एकदाच बोललास ना. ठेवते मंग." आणि तरीही तिने लगेच ठेवलं नव्हतं. वारा बराच वेळ ऐकू येत होता. मी काही म्हणेन म्हणून थांबली असावी.

मी जोडीदारणीला ते ऐकवलं. तिने हेडफोन काढून ठेवला. मग लॅपटॉप उघडून म्हणाली, "घरांचे नंबर सांग. वरून सुरू कर." मी डोळे मिटले आणि मोहाच्या झाडाखालून दिसलं तसं एकेक घर सांगू लागलो. एका नंबरवरून आलेले फोन आता घरागणिक वेगळे मोजले जातात. आणखी एक गोष्ट मी बदलली. जिथून काहीच आलं नाही ती जागा आता हिरवी दिसत नाही, राखाडी दिसते. राखाडी म्हणजे आम्हाला माहीत नाही. त्यामुळे आमचा नकाशा बहुतेक राखाडी झाला आहे. सर म्हणाले, "दिसायला वाईट दिसतंय रे. काम झालंच नाही असं वाटतं." मी म्हणालो, "हो सर." बदलला मात्र नाही. सरांचं न ऐकण्याची ती माझी पहिलीच वेळ.

हे सगळं नंतरचं. भिंत पडली ती पडली. लोक मला सांगतात, भिंत हादऱ्याने पडली, तू पाडली नाहीस. जोडीदारीण सांगते, नियम आपण दोघांनी केला होता. ते खरं आहे. पण टेकडीवर एकटा मी गेलो होतो.

वलसाडहून काही नीट कळत नव्हतं. बाबांचा फोन लागायचा, तुटायचा. "हाय तशीच हाय." एकदा म्हणाले ऑपरेशन झालं, एकदा म्हणाले पुन्हा करणार. पुढे बाबा वाडीत परतले, तर त्यांनाही कळेनासं झालं. मला स्वतःहून मामीच्या मुलीला फोन करायचं धैर्य होत नव्हतं. काय विचारू? पाय आहे का?

आणि मग परवा दुपारी आमच्या त्या नंबरवर फोन आला. जमीन हलली नव्हती. यंत्राने आपलं सांगितलं, एक दाबा, दोन दाबा. कोणी काही दाबलं नाही. मी समोरच बसलो होतो. नंबर मामीचा होता. मी यंत्राला बाजूला केलं आणि उचलला.

"हॅलो. इंजिनेर हाय का? मी बोलते, शेजारीन. फोन आथा माझ्याकडं दिलाय तिनं."

मागे वारा होता. ती मोहाच्या झाडाखाली होती.

"काकी, मामी कशी आहे?"

"सांगते ना. दम खा. एवढी चढून आले." तिने श्वास घेतला. "वरच्या घरी सगळी बरी हायत. त्यांनी भिंत काढून परत कूड घातला. ओढ्याकडच्यांची गाय व्याली. म्हातारीला ताप होता, उतरला. त्याच्या पलीकडची दोन घरं मजुरीला गेलीत, कुलूप हाय."

मी तिला मध्ये थांबवलं नाही. तोंडावर हात ठेवून ऐकत राहिलो. एकेक घर माझ्या डोळ्यांसमोरून जात होतं, वरून खाली. मला ठाऊक होतं आता काय उरलंय. उरलं होतं ते शेजारणीचं स्वतःचं घर, आणि ते ती शेवटी सांगणार होती.

"आनि आमच्याकडचं म्हनशील तर," ती म्हणाली, "पोरगं रांगतं आथा. आनि मामी तुझी माझ्याच खोपीत हाय, परवाच आनली वलसाडवरून. पाय ठेवला डाक्तरांनी. काठीनं चालेल बोलले, अंगनापर्यंत. टेकडी काय तिला आथा होनार नाय. तिनं विचारलंय, तू जेवलास का."